अगादीरमधली बरकत

या, जरा पुढे सरकून बसा. चहा निवला तरी चालेल. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट ऐकवायची आहे, लांबण लावणार नाही.

कल्तूमा कडा चढत होती आणि तिच्यामागे सगळं गाव. गाव म्हणजे जे उरलं होतं ते. परवा भुई हलली आणि मातीची घरं बसली ती धान्य, तेल, शेळ्या सगळं पोटात घेऊन. रस्ता दरीत गेला होता, आणि सरकारी गोदाम होतं त्या रस्त्याच्या पलीकडल्या टोकाला. खाली ओढ्याकाठी चादरींचे तंबू ठोकले होते. त्यांतल्या एकात तिची सून रकिया चार दिवसांच्या पोरीला कवटाळून पडली होती. पोटात नुसतं पाणी, छाती कोरडी. पोर आता रडतही नव्हती.

"अगादीर आहे ना!" कल्तूमाच म्हणाली होती. तेवढ्या शब्दावर माणसं उठून चालू लागली. चढताना तिच्या ओठांत स्तवनाच्या ओळी होत्या. दम पुरेना, तेव्हा नुसतं नाव उरलं.

कड्याच्या टोकावरची ती गावाची सामाईक कोठी, अगादीर, जशीच्या तशी उभी होती. एका दगडाला चीर नाही. वाडवडिलांनी कातळ पारखून बांधलेली. घरटी एक खोली, खोलीवर खोली. दुष्काळ येवो, टोळधाड येवो, अर्धा जव घरात आणि अर्धा इथे, असा पिढ्यांचा नेम.

दारात दादा बिही बसला होता. कोठीचा राखणदार, अमीन. सगळं गाव येताना पाहूनही तो उठला नाही.

"दादा, दार उघडा."

"घरी जा, कल्तूमा."

"कुठल्या घरी? ते माझ्याआधीच आडवं झालंय."

मागे कुणीतरी हसलं. ते हसणंही रडण्यासारखंच निघालं.

"आत किती आहे, एवढं तरी सांगा."

"बरकत आहे," बिही म्हणाला.

अमीनाचं उत्तर हेच असतं. आकडा सांगायचा नाही, आणि रितं हा शब्द तर काढायचाच नाही; दाण्याला नजर लागते. बिहीच्या बापानेही जन्मभर हेच उत्तर दिलं. त्यापुढे कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्याने दातेरी लाकडी किल्ली फिरवली.

कल्तूमा खालच्या खोल्यांकडे वळलीच नाही. त्यांत काय होतं ते तिला माहीत होतं. मागे राजधानीहून एक साहेब आला होता. संकटात गावं तग कशी धरतात ते पाहुण्यांना दाखवायला ही जागा नामी आहे, म्हणाला. जुना जव म्हणजे उंदरांचं माहेर, तो आपापल्या घरी न्या. यापुढे काही झालंच तर पीठ, तंबू, औषधं, सगळं सरकारी गोदामातून येईल. लोक खूश झाले. चढण वाचली! खालच्या खोल्यांत मांडायची, नुसती दाखवायची पोती तर कल्तूमानेच शिवून दिली होती. पण वरची रांग? तिथली पीराच्या नावाने राखलेल्या जवाची खोली? तिला कोण हात लावेल?

भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पाय देत ती वर चढली. पोत्याची गाठ सोडली, हात आत घातला. मूठ बाहेर आली ती बोटांमधून गळत.

वाळू.

"इथंसुद्धा?"

"तिथंच तर फोटो जास्त काढतात," बिही खालून म्हणाला. "आधी भुसा भरला होता. साहेब म्हणाला, पोतं जड दिसत नाही. वाळू भरा."

"आणि पीराचा जव?"

"साहेबाच्या जेवणाला रांधला. कढई तूच ढवळत होतीस."

कल्तूमाने हाताची वाळू झटकली. मग म्हणाली, "अहो, मग आत्ता दारात 'बरकत आहे' असं कशाला म्हणालात?"

"दुसरं काय म्हणायचं असतं," बिही म्हणाला, "ते मला कुणी शिकवलं नाही."

शहरात राबून परतलेला लहसन दारावरची पाटी मोठ्याने वाचू लागला. "संकटाला सदैव सज्ज. आपल्या पूर्वजांचा वारसा. कृपया वस्तूंना हात लावू नये."

"लहसन, पुरे रे," एक म्हातारी म्हणाली.

कल्तूमाने पोत्याचं तोंड पुन्हा आवळलं. पोतं पाठीवर घेतलं आणि दगडांवरून एकेक पाऊल टाकत खाली आली.

"ते कशाला नेतेस?" बिहीने विचारलं.

"वारा सुटलाय. चादरी उडतात. कडेला ठेवायला होईल."

लहसनने एक पोतं उचललं. मग दुसऱ्याने. बिहीनेही उचललं. दार उघडंच राहिलं आणि माणसांची रांग कडा उतरू लागली.

खाली ओढ्याकाठच्या बायकांनी डोंगरावरून पोती येताना पाहिली. एकीने जीभ हलवून लग्नातल्यासारखी किलकारी दिली. रकिया कोपरावर रेलून उठली. भराभर तीन तीन दगड मांडले गेले, काटक्या पेटल्या, पातेल्यांत पाणी चढलं.

एवढंच. आज दुव्यासाठी हात उचलाल तेव्हा रकियाच्या लेकीची आठवण ठेवा. नाव विचारू नका. ते सातव्या दिवशी ठेवायचं होतं.