हसरी देवी

कागद पाण्यातही फाटू न देणारा डिंक आम्हीच शोधला, असं म्हणून एका कंपनीनं पेटंट घेतलं. दुसरी कंपनी कोर्टात गेली आणि तिचे वकील पोशेऱ्याला लहान्याच्या घरी आले. बोहाड्याच्या उत्सवात नाचवायची सोंगं, म्हणजे देवादिकांचे कागदी मुखवटे, लहान्या पहिल्यापासून त्याच डिंकात कागद भिजवून करायचा.

“पेटंट टिकलं तर तुम्हालाही हा डिंक वापरायची चोरी,” वकील म्हणाले. “पेटंटच्या आधीचं एखादं सोंग द्या, तपासून आणतो. वर्ष मात्र पक्कं हवं.”

बाकीच्या सोंगांचं वर्ष कुणालाच आठवेना. हसऱ्या देवीचं तेवढं पक्कं होतं. ते केलं त्याच साली लहान्याची लेक पुष्पा तापानं गेली होती.

त्याच्या बायकोनं, सुकरीनं, सोंग पदरानं पुसून दिलं. “बोहाड्याच्या आत आणा हां.”

बोहाडा जवळ आला तेव्हा वकील रिकाम्या हातांनी आले. कंपन्यांनी आपसात मिटवलं होतं. पेटंट तसंच राहिलं आणि तपासणीत सोंगाची भुकटी झाली होती.

“नवीन करून घ्या ना,” ते ओशाळून म्हणाले. “डिंकाचं कुणी विचारायला येणार नाही.”

“ते पुष्पाच्या तोंडावर कागद लावून केलेलं,” सुकरी म्हणाली. “कागद गार लागला तशी पोर हसली, आन् ते हसू तसंच वाळलं. फोटू नाय तिचा आमच्याकडं. तेवढंच तोंड होतं.”