बॅटरी गेलेला लॅपटॉप

माझा नवरा जयराज फौजेत. त्याचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर येतो, पण फोन जातो सासऱ्यांच्या हातात. ते त्याला म्हैस दाखवायला गोठ्यात जातात, तिथून उसात. मी मागे मागे फिरते. फोन परत मिळेपर्यंत त्याची ड्यूटी सुरू झालेली असते.

आता सासऱ्यांना पोरगा मोठ्या पडद्यावर बघायचाय, म्हणून आम्ही सांगलीला जुना लॅपटॉप घ्यायला आलो. त्यांनी सगळ्यात हलका उचलला. "ह्यो गोठ्यात बी न्हेता ईल." म्हणजे आता मी लॅपटॉपच्याही मागे मागे फिरणार.

सासूबाईंनी कोपऱ्यातल्या जाडजूड लॅपटॉपवर हात ठेवला.

"मावशी, त्याची बॅटरी गेलीय," दुकानदार म्हणाला. "वायर काढली की बंद."

"ह्योच द्या."

"आगं, याड लागलंय का तुला?" सासरे ओरडले. "जाग्यावरनं हलवता न्हाई यायचा त्यो!"

"न्हाईच हलवायचा. भाईर सोप्यात बसून बोला की पोराशी."

मग सासऱ्यांच्या खिशातला माझा फोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"आन् तू खोलीची कडी लावून बोलत जा."