पूर्ण पत्ता

अख्खे गाव समुद्राने गिळल्यावर म्हातारा पोस्टमन बायकोचा हात धरून परक्या देशात आश्रय मागायला आला. गावच्या पोस्टातला एक शिक्का तेवढा त्याच्या खिशात वाचला होता.

"काका, छळामुळे पळालेल्यालाच आंतरराष्ट्रीय कायदा निर्वासित मानतो," अधिकारीबाई ओशाळून म्हणाल्या. "समुद्राचं नाव त्यात नाही. तुम्हाला घरी परत पाठवावं लागेल."

"पाठवा की! हुकमावर पत्ता मात्र पूर्ण लिहा, घर नंबरासकट."

"अहो, घर कुठलं आता? बुडायचंय का दोघांनी?" बायकोने त्याला कोपराने ढोसले.

"तू गप गं. चाळीस वर्षं झक नाही मारली."

सरकारी बोटीने त्या पत्त्यावर पाण्यात दिवसभर गिरक्या घेतल्या. आठव्या दिवशी दोघे पुन्हा त्याच टेबलासमोर उभे राहिले. बायको तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसत होती. म्हाताऱ्याने तो हुकूम अदबीने पुढे सरकवला. त्यावर ताजा जांभळा शिक्का उमटला होता : 'पत्ता सापडत नाही. पाठवणाऱ्याकडे परत.'



"घ्या बाई, मिळाल्याची सही करा. दोन नग आहेत."