पहिला तोडा

"आले, आले! आजोबा आले!" सांडपाणी केंद्राच्या ऑफिसात तिथला जुना कर्मचारी ओनोदेरा हात पुसत धावला. "नुसता भात आणलाय मी डब्यात. म्हटलं, आज नोरी येणार म्हणजे येणारच."

तोराकिचींनी नदीच्या मुखाशी जाळ्यांवर वाढवलेल्या नोरीचा, म्हणजे भातासोबत खायच्या समुद्रशेवाळाचा, पहिला तोडा दर डिसेंबरात आधी इथे यायचा, मग बाजारात. केंद्राचा प्रमुख शूझो हा तोराकिचींचाच मुलगा. पण हा मान केंद्रातून येणाऱ्या पाण्याचा, पोराचा नाही, असं ब्याऐंशी वर्षांचे तोराकिची ठणकावून सांगत.

शूझोने पुडकं सोडलं आणि त्याचा हात तिथेच थांबला. वाळवलेल्या नोरीचे पातळ कागद कसे काळेभोर असतात. हे वाळल्या गवताच्या रंगाचे होते. ओनोदेराने डबा हळूच बंद केला.

"चव बघ," तोराकिची म्हणाले.

शूझोने तुकडा तोंडात टाकला. चव कसली नि काय!

"उपाशी आहे ती," म्हातारा म्हणाला. "पाण्यात तिला खायलाच काही नाही. समुद्रातलं शेवाळ झालं म्हणून काय, पोट आहेच ना त्यालाही? मच्छीमारांच्या संस्थेने नमुना बघूनच एकही गठ्ठा नको म्हटलं. काल जाळी वर काढली. पाण्यातली जागाही परत करून आलो. ही शेवटची."

"मला न विचारता, बाबा?"

"तुला काय विचारायचं? तू जाळी धुवायला येणार होतास?"

शूझोला हसू आलं नाही. त्याने टेबलाचा खण उघडला, थोडा वेळ आत बघत बसला, मग एक पत्र काढून वडिलांपुढे सरकवलं.

"नगरपालिकेचं आहे. हिवाळ्यात पाणी जरा कमी शुद्ध करून सोडा, म्हणजे नोरीला खत मिळेल. कधीपासून, ते केंद्रप्रमुखाने ठरवायचं. ऑक्टोबरातच आलं होतं."

"मग?"

"मी ठरवलंच नाही. सबंध जिल्ह्यात सगळ्यांत नितळ पाणी आपलं. सलग अकरा वर्षं. म्हटलं, बारावं तेवढं होऊन जाऊ दे."

अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण मान वर करवेना. ओनोदेरा खिडकीशी जाऊन उभा राहिला. अकराही प्रशस्तिपत्रं त्यानेच हौसेने भिंतीवर टांगली होती.

तोराकिचींनी चष्मा लावून पत्र वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर शूझोला बरं वाटलं असतं.

"अजून सात जणांची जाळी पाण्यात आहेत," ते म्हणाले. "आत्ता करता येईल?"

तिघे टाक्यांपाशी गेले. पाण्यात हवा भरणारी यंत्रं घोंगावत होती. हवा कमी केली की पाण्यात खत जास्त उरणार, म्हणून शूझोने एकेकाचा वेग उतरवला. घोंगाट कमी कमी होत गेला. तीस वर्षं त्या आवाजात काढलेला ओनोदेरा एकेका यंत्राला कान लावत फिरला.

"खत जाळ्यांपर्यंत पोचायला किती दिवस?" तोराकिचींनी विचारलं.

"दोन आठवडे. तीनही लागतील."

"चालेल. दुसरा तोडा तरी त्यांच्या हाती लागेल."

तोराकिची कठड्याशी गेले. खाली केंद्राचं पाणी नदीत पडत होतं. तळातला गोटा न् गोटा दिसत होता. शूझो त्यांच्या मागे आला आणि कमरेत पार खाली वाकला.

"माफ करा, बाबा."

म्हाताऱ्याने खांद्याला धरून त्याला सरळ उभं केलं.

"चूक माझी आहे रे. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुला या फाटकाशी सोडलं, तेव्हा ही नदी गटार होती. मीच म्हटलं होतं, तळ दिसेपर्यंत साफ कर." ते पाण्याकडेच बघत राहिले. "तू ऐकलंस. कुठे थांबायचं, ते सांगायचं माझंच राहून गेलं."