टाकीवर हात

याम्बा सायलेन्सरच्या पोटात चिंध्या कोंबत होता. मोटारसायकल जुनी, बापाच्या वेळची. लोक असल्या गाड्या घासूनपुसून चकचकीत करतात आणि लग्नाच्या मिरवणुकीत पुढे काढतात. याम्बाने सगळं उलटं चालवलं होतं. चकाकणाऱ्या भागांवर त्याने मातकट रंग फासला होता, पुढचा दिवा काढून टाकला होता आणि भंगारातली एक भलीमोठी टाकी वेल्डिंग करून बसवली होती.

काम सलग असं होतच नव्हतं. वागादुगू शहरात ज्याच्याकडे दुचाकी नाही असा माणूस शोधावा लागतो. त्यात याम्बाचं घर रस्त्याला लागून, त्यामुळे सकाळपासून अंगणात पंक्चर, तुटलेल्या चेनी, घासलेले ब्रेक यांची रीघ. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढाच या गाडीचा.

“दिवा नाही, आवाज नाही,” झेर्बो म्हणाला. हा शेजारचा गवंडी, पंक्चर काढायला आला होता. तो सामो जमातीचा आणि याम्बा मोसी; या दोन जमातींत थट्टेने शिव्या घालायची जुनी रीत. या दोघांनी भेटल्यावर एकमेकांचा उद्धार केला नाही, तर बघणाऱ्याला वाटायचं, कुणाची तरी तब्येत बरी नाही. “गुलामा, चोरीला निघालास की काय?”

“तुझ्याच घरी येणार होतो. पण तिथे कुत्र्याच्या मुंडीशिवाय काय मिळायचं?”

“बघा, गाढव खाणारा बोलतोय!”

दोघं हसले. याम्बाने झेर्बोची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे शोधू लागला. झेर्बो बोलला ते फार चुकीचं नव्हतं. रविवारी रात्री याम्बा ही गाडी घेऊन रानवाटेने उत्तरेला जाणार होता, तिबतेंगा गावाला. त्याची बहीण बिबाता तिथे अडकली होती. बंदूकवाल्यांनी रस्ता बंद केला होता, फोनचा टॉवर पाडला होता, आणि गेल्या पावसाळ्यापासून तिचा आवाजसुद्धा कानावर पडला नव्हता. हा बेत त्याने कुणालाच सांगितला नव्हता. बायकोला तर मुळीच नाही.

तेवढ्यात असेता आली. बिबाताची मुलगी, शहरात शिवणकाम करणारी. ती फाटकातून आत शिरली की अंगणातल्या कोंबड्या पळापळ करत. भाचीने मामाच्या घरी ज्यावर हात ठेवला ते तिचं, आणि मामाने हूं की चूं करू नये, ही रीत. आणि असेता रीतीला फार पक्की होती.

आज तिने कोंबड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, मागची रुंद गादी दाबून पाहिली, चिंध्या भरलेल्या सायलेन्सरकडे पाहिलं. मग टाकीवर हात ठेवला.

“ही माझी.”

झेर्बो मांडीवर थाप मारून हसला. “हिचं आता कोंबडीवर भागत नाही रे बाबा!”

याम्बाही हसला. “ने की. पुढच्या आठवड्यात ने. आधी मला जरा चालवून बघू दे.”

“आत्ता नेणार.”

ती हसत नव्हती. याम्बाने ओले हात पँटला पुसले आणि तिच्याजवळ गेला.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? दिवा नसलेली गाडी तू कशासाठी करशील?”

“तिकडे तुझी आई आहे, असेता.”

“ते तू मला सांगतोस?” तिचा आवाज चढला, पण हात जागचा हलला नाही. “आमच्या गल्लीतला मूसा गेला होता ना बायकोला आणायला, अशाच गाडीवरून? कुणी मारलं तेही कळलं नाही. रानातून मोटारसायकल येताना दिसली की बंदूकवाले काय, लष्कर काय, दोन्हीकडचे आधी गोळी घालतात, नाव मागून विचारतात.”

“मी रात्रीचा जाईन. पाऊलवाटा मला पाठ आहेत.”

“मूसालाही पाठ होत्या.”

याम्बाला राग आला. या पोरीला त्याने खांद्यावर बसवून बाजार दाखवला होता, आणि आज ती भर अंगणात त्याची वाट अडवत होती.

“मग काय करू? बहिणीला तिकडे सोडून देऊ? तूच सांग, मुलगी आहेस ना तिची?”

असेताने टाकीवरचा हात आणखी घट्ट दाबला.

“आईसाठी मला काही करता येत नाही, मामा. माझा हक्क फक्त तुझ्यावर चालतो.”

याम्बाने आधारासाठी झेर्बोकडे पाहिलं. झेर्बो पायाशी पडलेल्या पान्याकडे बघत होता.

“याम्बा,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांच्या शेजारात त्याने हे नाव पहिल्यांदाच उच्चारलं होतं. “भाचीने हात ठेवलाय.”

असेताने हँडल धरलं, स्टँड वर केला आणि गाडी ओढू लागली. भरल्या टाकीची गाडी ती. तिच्या सँडल धुळीत घसरत होत्या. फाटकापर्यंत कशीबशी पोचली. पुढे गटारावरच्या फरशीला चाक अडलं. तिने एकदा जोर लावला, पुन्हा लावला. पाठमोरी उभी राहून ती श्वास घेत होती, पण मागे वळून पाहत नव्हती.

याम्बा तिथवर चालत गेला.

“आधी न्यूट्रलमध्ये घे,” तो म्हणाला, आणि मागून दोन्ही हात लावून त्याने गाडी ढकलली.