खारूताईच्या कथा

नवऱ्याचं घर तिनं नेसत्या कपड्यांनिशी सोडलं, तेव्हा कॉम्प्युटर तिथंच राहिला. नव्या शहरात, नवं टोपणनाव घेऊन ती एका बंद पडलेल्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये पुन्हा शिरली आणि साळसूदपणे विचारलं, "‘खारूताई’ या नावानं एकजण मालिकेवर कथा लिहायची, आठवते? साइटवरून तिनं सगळ्या काढून टाकल्यात. कुणी उतरवून ठेवल्यात का?"

तासाभरात एका अनोळखी वाचकानं सगळ्या पाठवल्या. "एकही सुटलेली नाही, ताई. ती स्वतः कुठं भेटली तर कळवा. मीही शोधतोय तिला."

तिचा जीव भांड्यात पडला. लाँड्रीतली इस्त्री बाजूला ठेवून ती एकेक कथा उघडत गेली.



शेवटची कथा अर्धवट होती. ती तिनं साइटवर कधी टाकलीच नव्हती. ती त्या घरातल्या कॉम्प्युटरमध्येच राहिली होती.