देऊळघाटची बाई

"तुले फक्त एवढंच सांगायचं हाय," भगवंतराव म्हणाले, "का मतदानाच्या आदल्या सांजेले मी घरी होतो. अंगात ताप होता. बस."

अन्नपूर्णाबाई सुपात तूर पाखडत होत्या. हात थांबला नाही.

"आन होते का तुमी घरी?"

"कोर्टात तसं विचारत नसतात."

"मी विचारून राह्यली."

भगवंतरावांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि ओसरीवर बसलेल्या शंकरराव वकिलांकडे निघून गेले. आमदार झाल्यापासून अवघड प्रश्न आला की ते टोपी झटकत.

बासष्टच्या त्या निवडणुकीवर अर्ज दाखल झाला होता. उंद्रीत शिलाईचं मशीन चालवणाऱ्या दयारामनं तो केला होता. मतदानाच्या आदल्या सांजेला भगवंतरावांनी उंद्रीच्या देवळासमोर लोकांना बसवलं, एकेकाच्या हातात बेल आणि भंडारा दिला आणि मताची शपथ घ्यायला लावली. मत दुसरीकडे गेलं तर देव घर बघून घेईल, असं बजावलं. हे दयारामचं म्हणणं. देवाचा धाक घालून मत घेणं कायद्यानं गुन्हा. सिद्ध झालं तर आमदारकी गेलीच, वर सहा वर्षं उभं राहायची बंदी.

अन्नपूर्णाबाईंना त्या अर्जाचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोक्यात वेगळीच सांज होती.

त्या सांजेला जीप चिखलीच्या घरातून बाहेर पडली, ती दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर परतली. प्रचाराचे दिवस, तेव्हा त्यांनी विचारलं नाही. पुढे अर्जाची नोटीस आली. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांनी थंडीतलं जाकीट उन्हात घालायला काढलं. खिशात हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला आणि केवड्याच्या वासाचा रुमाल. त्यांनी ड्रायव्हर पुंजाजीला विहिरीजवळ गाठलं.

"त्या सांजेले साहेब कुठं गेलते?"

"मले नका विचारू, बाईसाहेब."

"पुंजाजी!"

"देऊळघाटले," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "पुढचं मी नाई सांगत."

पुढचं त्यांनी स्वतःच रचलं. मागे एकदा भजनी मंडळातली एक बाई टाळ वाजवता वाजवता भगवंतरावांकडे पाहून हसली, तर अन्नपूर्णाबाईंनी मंडळाचं घरी येणंच बंद केलं होतं. भगवंतराव तो किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगत. आता तर हाताशी रुमाल होता. देऊळघाटची बाई आधी तिशीची होती. श्रावण लागेपर्यंत पंचविशीची झाली. तिला त्यांनी कमरेपर्यंत केस दिले, गोरे हात दिले, आणि त्याच हातांवर जळत बसल्या. भाकरी थापताना ती बाई दिसे. भगवंतराव हसले की तिच्यासाठी हसले, गप्प बसले की तिच्या आठवणीनं.

आणि आता तेच म्हणत होते, मी घरी होतो म्हणून सांग.

बुलडाण्याला सुनावणी लागली. उंद्रीच्या सात जणांनी आम्ही डोळ्यांनी पाहिलं असं सांगितलं. मग अन्नपूर्णाबाईंना पिंजऱ्यात बोलावलं.

शंकरराव वकिलांनी विचारलं, "त्या सांजेला तुमचे पती कुठं होते?"

अन्नपूर्णाबाईंनी समोर पाहिलं. भगवंतराव हाताची घडी घालून निवांत बसले होते. घरची बाई घरच्यासारखंच बोलणार, अशा खात्रीनं. त्या खात्रीनं अन्नपूर्णाबाईंच्या अंगाची आग झाली.

"घरी नव्हते."

कोर्टात कुजबुज झाली. शंकररावांनी खाकरून घसा साफ केला.

"बाई, नीट आठवून सांगा."

"आठवाले काय झालं? रोजच आठवते. देऊळघाटले होते. बाईपाशी."

भगवंतरावांनी मान खाली घातली. शंकरराव कपाळ पुसत खाली बसले. दयारामचे वकील नारायणराव गडबडीनं उठले.

"तुम्ही त्या बाईला पाहिलंत?"

"पाहाले कायले लागते? तुमची बायको तुमच्या जाकिटाचा वास घेत नाई का, वकीलसाहेब?"

हशा पिकला. नारायणरावांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, दर उत्तराला बाईंचा आवाज चढत गेला, आणि शेवटी तेच बसले. त्यानंतर पुंजाजीची साक्ष झाली. "आता बाईसाहेबच बोल्ल्या, तं मी काऊन लपवू?" म्हणून त्यानंही देऊळघाटच सांगितलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. स्वतःच्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणारी साक्ष कोणतीही पत्नी खोटी देणार नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. दयारामचा अर्ज फेटाळला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर दयाराम अन्नपूर्णाबाईंना आडवा आला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"बाईसाहेब, तुमी खोटं नाई बोल्ल्या, ते दिसलं मले. पन आमीबी नाई बोल्लो."

"तुमचं तुमी पाहा, भाऊ," त्या म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या. दयारामच्या शब्दांना त्यांच्या मनात जागा नव्हती. तिथं एकच बाई बसली होती.

चिखलीला अंगणात माणसं मावत नव्हती. गुलाल, हार, घोषणा. चार दिवस गाव देऊळघाटवरून हसेल, मग विसरेल, असं ओसरीवर कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. अन्नपूर्णाबाईंनी भगवंतरावांना आतल्या खोलीत बोलावलं.

"आज मी देऊळघाटले जाऊन राह्यली. तिचं तोंड पाह्यल्याबिगर पानी नाई पिनार. मले अडवू नका."

"कायले अडवू?" भगवंतरावांनी दार लोटून घेतलं आणि गळ्यातले हार एकेक करून खुंटीला अडकवले. "जाय. जीप घेऊन जाय, पुंजाजीले सांगतो. पन तिथं शोधशील कोनाले? जाकिटात रुमाल मीच ठेवला होता. मी तं त्या सांजेले उंद्रीतच होतो."